फाट्यापर्यंत

कृष्णाला बसवत नव्हतं. बसायला सोफा होता, वर एसी होता, समोर आणून ठेवलेल्या कॉफीवर साय धरली होती, पण हा गडी घडीघडी उठे, काचेच्या दारापर्यंत जाई, जालना रोडकडे बघे आणि पुन्हा येऊन सोफ्याच्या कडेला टेके. बाहेर लांब कुठंतरी ढोल सुरू झाला होता. अनंत चतुर्दशीचा दिवस. दुपार कलली की मिरवणुका निघणार, रस्ते बंद होणार, आणि एकदा शहरात अडकलं की मग फर्दापूर कुठलं गाठतोय?

त्या जुन्या गाड्यांच्या शोरूमला मात्र लग्नसराईची शेवटची तिथी असावी तशी गर्दी होती. उद्यापासून पितर. पितरांच्या पंधरवड्यात लोक नवी चप्पल घ्यायला कचरतात, तिथं गाडी कोण नेणार? म्हणून ज्यानं त्यानं आजचाच दिवस धरला होता. लाल साटीनच्या कापडाखाली झाकलेल्या गाड्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीपुढं एकेक कुटुंब, हातात पेढ्याचा बॉक्स, लेकरांच्या अंगावर नवे कपडे. नंबर आला की कापड ओढायचं, केक कापायचा आणि पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली धरून फोटो काढायचा. गाडी दुसऱ्यानं वर्षानुवर्षं दामटलेली का असेना, थाट नव्याचा!

कृष्णाची गाडी रांगेत तिसरी होती. चंदेरी रंगाची, उंच छपराची छोटी गाडी. तिच्याभोवती त्याचे वडील आप्पासाहेब हात मागं बांधून फेऱ्या मारत होते. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. बैलबाजारात जनावराभोवती फिरावं तसं त्यांचं चाललं होतं. मध्येच त्यांनी कापडाचा कोपरा वर केला, टायरवर बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. शेजारच्या कुटुंबातली एक पोरगी फिसकन हसली. कृष्णाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मालक कोण हिचा?" आप्पांनी विचारलं.

शोरूमचा शिवम नावाचा पोरगा टाय सावरत पुढं आला. "काका, सांगितलं ना, लेडीज ओनर. सिंगल हॅन्ड. गाडी एकदम मख्खन. टेन्शनच नका घेऊ."

"ते ऱ्हाऊ दे. ऱ्हाती कुठं बाई? का इकली?"

"ते सांगता येत नाही काका. पॉलिसी असते आपली."

"मंग मालकाचं घर बघितल्याबिगर मी बी गाडी न्यायचो नाय," आप्पा म्हणाले. आवाज चढवून नव्हे, चहा नको म्हणावं इतक्या सहज.

कृष्णाच्या डोक्यात तिडीक गेली. सिल्लोडच्या मेकॅनिकनं गाडी तपासून दिली होती. कागद झाले होते. कर्ज मंजूर होऊन पैसे भरून झाले होते. आता फक्त कापड ओढायचं होतं, आणि हे म्हणतात घर बघू! "आप्पा, हे काय जनावर हाये का? यंत्र हाये ते. त्याला कसलं घर?"

"चालवणारा माणूसच असतो न्हवं?" आप्पा म्हणाले. "माणूस कसा हाये ते घर सांगतं."

आप्पांची ही जुनी रीत. जनावर घ्यायचं तर आधी त्याचा गोठा बघायचा, आणि ज्यानं त्याला चारलं त्याच्याच हातून कासरा घ्यायचा. दलालाच्या हातून त्यांनी कधी शेळीसुद्धा घेतली नव्हती. गेल्या वर्षी पोळा झाल्यावर त्यांनी आपली खिलारी जोडी विकली तेव्हाही तेच. घेणारा कडुबा पाटील घरी आला, गोठा बघितला, भाकरी खाल्ली, मग आप्पांनी स्वतः कासरा त्याच्या हातात दिला, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि घरात निघून आले. एवढी देखणी जोडी का विकली, ते साऱ्या गावाला कोडं पडलं होतं. कुणी विचारलं की आप्पा म्हणायचे, गुडघे चालंनात आता. आणि विषय बदलायचे.

पण कृष्णाला आज रीतीभातीचं कौतुक नव्हतं. त्याला गाडी हवी होती, आणि ती आज हवी होती. गेल्या वर्षी श्रावणात मंजुषाला, त्याच्या बायकोला, सातव्यातच कळा सुरू झाल्या होत्या. भरदिवसा. बाजाराचा दिवस, गावातल्या साऱ्या जीपा सवाऱ्या घेऊन गेलेल्या, सरकारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन निघालेली. कृष्णा मोटारसायकलवर गाव पालथं घालत होता, आणि घरच्यांनी तिला बैलगाडीत घालून वस्तीवरून डांबरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत नेलं. कृष्णा जीप घेऊन फाट्यावर पोचला तेव्हा उशीर झाला होता. मंजुषा वाचली. पोरगी वाचली नाही.

आता पुन्हा दिवस भरत आले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख नेमकी पितरांच्या पंधरवड्यात पडत होती. आधीच शहरात येऊन राहा म्हटलं तर मंजुषाला माहेर म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं, आणि परक्याच्या घरात राहायला ती तयार नव्हती. कृष्णाची आई द्वारकाबाई एकच पालुपद लावून बसली होती: पितरांत गाडी दारात येऊ द्यायची नाय. कृष्णाचा तसल्या गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. तो फर्दापूरच्या एका हॉटेलात काउंटरवर बसायचा, लेणी बघायला आलेल्या देशोदेशीच्या लोकांशी बोलायचा. पण गेल्या वर्षानंतर त्याच्यात कुठल्याच गोष्टीला नाही म्हणायचं बळ उरलं नव्हतं. तो घाबरला होता, सरळ सांगायचं तर. रोज सकाळी उठायचा तो घाबरतच.

आप्पांनी तेवढ्यात कापड आणखी वर सारलं होतं. काचेच्या आतल्या कोपऱ्यात सोसायटीच्या पार्किंगचं गोल स्टिकर होतं, अर्धवट खरवडलेलं. आप्पांनी चष्मा पुसून अक्षरं लावली. "सुखनिवास, गारखेडा. चल."

"काका, असं नसतं जायचं!" शिवम मागून म्हणाला. "तुमचा नंबर येतोय आता! साहेब, समजवा ना यांना."

समजवायला आप्पा जाग्यावर तर पाहिजेत. ते दाराबाहेर जाऊन रिक्षात बसलेसुद्धा. "चाचा, जल्दी बोलो, दोपेर के बाद सब रस्ते बंद होते," रिक्षावाला म्हणत होता. कृष्णा चरफडत, मनातल्या मनात जन्मदात्याला नको ते बोलत, शेजारी जाऊन बसला.

रिक्षा निघते न निघते तोच द्वारकाबाईंचा फोन आला. "निघाले का रं?"

"निघतोच."

"लवकर या बाबा. मंजीची पाठ दुखती म्हणती सकाळपून."

कृष्णानं फोन कानाशी घट्ट धरला. "दुखती म्हंजे? कशी दुखती?"

"तसलं काय नाय रं. अवघडलीय ती. तू आपला नीट ये."

नीट ये म्हणे! त्याला वाटलं रिक्षातून उडी मारावी आणि पळत सुटावं. आप्पा शांतपणे बाहेरचे मंडप बघत होते. एवढी शांत राहतात तरी कशी माणसं, याचाच त्याला राग आला.

सुखनिवास सोसायटी जुन्या पद्धतीची तीन मजली होती. खाली पार्किंगमध्ये एक जागा मोकळी होती, आणि त्या मोकळ्या जागेत एक गोरे, उंच, वयस्कर गृहस्थ हातात केरसुणी घेऊन वाळकी पानं गोळा करत होते. कोपऱ्यात गाडीवर घालायचं कव्हर घडी करून ठेवलेलं होतं, इस्त्री केल्यासारखं. बाजूच्या खांबावर चंदेरी रंगाचे ओरखडे होते, एकावर एक, बरेच.

पावलांचा आवाज आला तसे गृहस्थ वळले. दोघांकडे बघायला त्यांनी पूर्ण मान फिरवली. मग चेहरा उजळला. "गॅरेजमधून आलात का? आणली गाडी?"

कृष्णाला काही कळेना. "गाडी... म्हंजे चंदेरी..."

"तीच हो! किती दिवस सर्व्हिसिंग चालतं तुमचं? आमच्या चिन्मयला पुण्याला रोज फोन करतोय मी, तो आपला येईल बाबा, येईल बाबा करतोय. आज विसर्जन आहे. आमचा गणपती दरवर्षी गाडीतूनच जातो. आरती होऊन बसलाय तो वर."

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी खाली बघितलं, बोलणं ऐकलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कृष्णाकडे बघून त्यांनी हात हलवला: नको, बोलू नका. आणि चटाचटा जिना उतरू लागल्या.

कृष्णाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हाताऱ्याला गाडी विकल्याचं माहीतच नाही! त्यानं आयुष्यात इतक्या झटकन खोटं कधी रचलं नसेल. "व्हय साहेब, गॅरेजचेच आम्ही. थोडं काम बाकी हाये, तेच सांगायला आलो. निघतो आता." आणि त्यानं आप्पांचा दंड धरला.

पण गृहस्थांना, श्रीनिवासराव त्यांचं नाव, ऐकणारं माणूस हवंच होतं. "थांबा, थांबा. तुमच्या पोरांना काही गोष्टी सांगायच्यात. पावसात दुसऱ्या गिअरला ती जरा अडते, जबरदस्ती करायची नाही, क्षणभर थांबायचं, आपोआप घेते. सकाळी एकदम रेस द्यायची नाही. आणि मागचं डावं दार. ते नुसतं ओढून उघडतच नाही, हँडल जरा वर उचलून ओढावं लागतं. उन्हात तर पक्कं बसतं. मागं बसणाऱ्याला दरवेळी मीच उघडून देतो."

आप्पा कान देऊन ऐकत होते. त्यांच्या तोंडावर ते समाधान होतं जे सकाळपासून शोरूममध्ये दिसलं नव्हतं. ज्याच्यासाठी आलो ते मिळालं, असं. कृष्णानं दंड ओढला. आप्पा हलले नाहीत.

"साहेब," ते म्हणाले, "माझं पोरगं खोटं बोललं तुमाला. आमी गॅरेजचे नाय. तुमची गाडी आमी घेतलीया. घर बघायला आलो व्हतो."

बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होत्या. तिथंच थांबल्या. कृष्णानं डोळे मिटून घेतले. झालं, त्याला वाटलं. संपलं सगळं.

श्रीनिवासराव आधी हसले. थट्टा वाटली असावी. मग त्यांनी सावकाश मान फिरवून बायकोकडे बघितलं. "भानू, हे काय म्हणतायत?"

"वर चला," भानुमतीबाई म्हणाल्या. "सगळेच वर चला."

वर बैठकीत पाटावर गणपती होता, निरोपाचं दही हातावर ठेवलेला, समोर शिदोरीचं पातेलं. खुर्च्या होत्या पण कुणी बसलं नाही.

"चिन्मयनं विकली?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"मी विकली."

"तू?"

"गाडी माझ्या नावावर आहे. सही माझीच लागते. मीच दिली."

"तुझ्या नावावर केली ती काय विकायला?" त्यांचा आवाज फाटला. "रिटायर झालो तेव्हा घेतली होती मी तुझ्यासाठी! पंधरा दिवस मी खाली जाऊन जागा झाडतोय, आणि तू वरून बघतेस?"

"बघतेय. आणि रडतेय, ते तुम्हाला दिसत नाही." भानुमतीबाई आता थांबल्या नाहीत. "तुम्हाला बाजूचं काहीच दिसत नाही हो. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गाडी बंद करा. तुम्ही म्हणालात, समोरचं स्वच्छ दिसतं. खांब कितीदा घासला? त्या दिवशी शाळेसमोर ती मुलगी थोडक्यात वाचली, तुम्हाला कळलं तरी का? मला कळलं, मी शेजारी बसले होते. दरवेळी जीव मुठीत धरून शेजारी बसायचं आणि तुमच्याशी गप्पा मारायच्या! मला नाही बसायचं तसं आता. आणि तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. ही चूक माझी. गाडी विकली ती चूक नाही."

श्रीनिवासराव कृष्णाकडे वळले. "व्यवहार मोडा. तुमचे पैसे परत मिळतील. मी आत्ता फोन करतो त्या दुकानाला. ही येईल माझ्याबरोबर सहीला. हो की नाही, भानू?"

भानुमतीबाई तोंडावर पदर धरून खिडकीकडे बघत राहिल्या. आता या हो म्हणतात की काय, एवढंच कृष्णाला दिसत होतं. बाहेरचा ढोल जवळ आला होता. आणि तो बोलायला लागला. आपण बोलतोय हे त्याला बोलता बोलता कळलं.

"साहेब, माझी बायको आज-उद्याला हाये. घरी बसलीय, पाठ दुखती म्हणती. गेल्या साली अशीच बसली व्हती. मी गाडी शोधत फिरलो, येळेवर गाडी नाय मिळाली, आमची पोरगी गेली. मी तिचं तोंड बी नाय बघितलं. नाय बघायचं म्हणाले सगळे, मी ऐकलं त्यांचं. मंजुषा एक शब्द बोलली नाय मला त्यावरून. बोलली असती तर बरं झालं असतं. रोज माझ्याकडं बघती नुसती. मला आज गाडी पायजे. उद्या नको, आजच. दुसरी बघायला टाईम नाय माझ्याकडं. तुमच्या पाया पडतो."

वर्षभर त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, मित्राला नाही, आप्पांना तर नाहीच. आणि सांगितलं कुठं, तर गारखेड्यात, परक्याच्या बैठकीत, दोन अनोळखी माणसांपुढं.

आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मी हाकत व्हतो गाडी," ते म्हणाले. कुणाकडं बघून म्हणाले कळेना, गणपतीकडं बहुतेक. "सूनबाई मागं वरडत व्हती. मी बैलांना मारलं. कधी बोट लावलं नव्हतं, त्या दिशी मारलं. बैल ते बैलाच्याच चालीनं जाणार, त्येंचा काय दोष? पर फाटा काय यीना. मंग मला त्येंच्याकडं बघवंना. म्हणून इकली जोडी. गुडघं बिडघं काय नाय."

कृष्णानं वडलांकडे बघितलं. सकाळपासून, खरं तर वर्षभर, तो या माणसावर चिडून होता, की याला कशाचं काही वाटत नाही.

श्रीनिवासराव खुर्चीत बसले. बराच वेळ पाटाच्या कडेची फुलं सारखी करत राहिले. मग उठून आत गेले आणि सदऱ्याचा खिसा चाचपत बाहेर आले. "गाडी आणा इथं," ते म्हणाले. "आधी गणपती जाऊ दे. मग काय ते बघू."

मग काय ते बघू! म्हणजे हो की नाही? कृष्णानं विचारायचं धाडस केलं नाही. आप्पांना तिथंच ठेवून तो धावत सुटला. शोरूममध्ये त्याचा नंबर केव्हाच निघून गेला होता. शिवमनं तरी केक आणला, पुठ्ठ्याची किल्ली आणली. "साहेब, फॅमिली कुठंय? एकटे कसा फोटो काढणार?" कृष्णानं स्वतःच कापड ओढलं, केक तसाच राहू दिला, आणि खरी किल्ली मागितली. एकच मिळाली. "दुसरी ओनरकडून हरवलीय," शिवम म्हणाला. लायसन्स निघून दोनच महिने झालेला कृष्णा जालना रोडच्या गर्दीत गाडी घालताना घामानं थबथबला होता. दोनदा बंद पडली. मागून हॉर्नचा गोंगाट. तिसऱ्यांदा त्याला ते रेस न देण्याचं आठवलं, आणि मग ती गुमान चालू लागली.

श्रीनिवासराव गणपती घेऊन फाटकातच उभे होते. गाडी थांबली तसे ते सवयीनं ड्रायव्हरच्या दाराकडे गेले. भानुमतीबाईंनी श्वास रोखला. कृष्णा आत बसलेला बघून म्हातारा क्षणभर तिथंच थबकला, मग बॉनेटला हात लावत लावत वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला आणि गणपती मांडीवर घेऊन बसला. मागचं डावं दार भानुमतीबाईंना उघडेना. आप्पांनी हँडल वर उचलून उघडून दिलं.

हौद जवळच होता, मैदानात महापालिकेनं केलेला. पण गल्ल्या पोरांनी आणि ट्रॅक्टरांनी भरलेल्या. "डावीकडे घ्या. सावकाश. क्लच पूर्ण दाबा," श्रीनिवासराव सांगत होते. एका वळणावर डाव्या गल्लीतून स्कूटरवाला सुसाट आला. कृष्णानं कच्चकन ब्रेक दाबला. स्कूटर श्रीनिवासरावांच्या दाराला चाटून निघून गेली.

"का थांबलात?" त्यांनी विचारलं.

उत्तर द्यायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं.

"होतं का कुणी?"

"स्कूटर व्हती साहेब," कृष्णा म्हणाला. "तुमच्या अंगावरूनच गेली."

त्यानंतर त्यांनी एकही सूचना दिली नाही. गणपतीला दोन्ही हातांनी धरून ते बसून राहिले. विसर्जन झालं, रिकाम्या पाटावर रीतीप्रमाणं चिमूटभर माती घेऊन सगळे परत आले. फाटकाशी उतरल्यावर श्रीनिवासरावांनी पार्किंगच्या कोपऱ्यातलं कव्हर आणून मागच्या सीटवर ठेवलं. मग सदऱ्याच्या खिशातून दुसरी किल्ली काढली, हरवलेली ती, आणि कृष्णाच्या हातावर ठेवली.

"पहिल्यांदा तिला बसवा," ते म्हणाले. "दाराचं लक्षात ठेवा." आणि भानुमतीबाईंच्या खांद्यावर हात टाकून ते आत गेले. एकदाही मागं वळून बघितलं नाही त्यांनी. आप्पांनी टोपी नीट केली. "झालं," ते म्हणाले. "चल आता."

हर्सूलच्या पुढं रस्ता मोकळा झाला तरी कृष्णाचा जीव मोकळा झाला नाही. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. गावोगावचे ढोल काचेवर येऊन आदळत होते. एकदा फक्त आप्पा म्हणाले, "चांगल्या घरची हाये." कृष्णा व्हय म्हणाला.

वस्तीवर पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. द्वारकाबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन तयारच होत्या. तुकडा ओवाळून टाकला, चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. "पितर लागायच्या आत आणली बया," त्या दहादा म्हणाल्या. मंजुषा ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. गेल्या श्रावणापासून ती कुठल्याही गाडीकडं बघायची नाही. कामापुरती बसायची, मान खाली घालून.

आता ती सावकाश उतरून आली. गाडीभोवती फिरली नाही, हात लावून कौतुक केलं नाही. सरळ मागच्या डाव्या दाराशी गेली आणि हँडल ओढलं.

दार उघडलं नाही.

तिनं पुन्हा ओढलं. मग कृष्णाकडं बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की त्याला तो दिवस आठवला. तो धावत आला. हँडल जरा वर उचललं, ओढलं. दार अलगद उघडलं.

"वर उचलायचं," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "एवढंच हाये त्याचं. सांगितलंय त्यांनी."

मंजुषानं स्वतः दार लावलं, स्वतः उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. मग आत बसली, पाय उचलून घेतले. "चला."

"आता कुठं?" द्वारकाबाई ओरडल्या. "तिन्हीसांजेला?"

"फाट्यापर्यंत," मंजुषा म्हणाली.

आप्पा रिकाम्या गोठ्यापाशी उभे होते. त्यांनी मान हलवली: जा.

कृष्णानं गाडी वळवली. वस्तीचा कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी, मधे ओढ्याचा उतार, मग बांधाची बाभळ. दुसरा गिअर अडला, तो क्षणभर थांबला, तिनं घेतला. आरशात त्याला मंजुषा दिसत होती. ती बाहेर बघत होती, एकेक झाड, एकेक बांध, जसं काही ओळखीचं कुणी शोधावं. तो काही बोलणार तोच कडुनिंब आला, आणि त्याच्यापुढं डांबरी रस्ता. फाटा. गेल्या वर्षी याच झाडाखाली त्याला बैलगाडी दिसली होती.

त्यानं गाडी उभी केली. मंजुषानं मागं वळून वस्तीकडं बघितलं. घराचा पत्रा इथून स्पष्ट दिसत होता, ओसरीतला लाईटसुद्धा.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. आणि गेल्या श्रावणानंतर पहिल्यांदा ती त्याच्यासमोर रडली. "अहो, एवढंच होतं?"

कृष्णा उतरून मागच्या डाव्या दाराशी गेला. हँडल वर उचलून त्यानं दार उघडलं आणि तिच्याजवळ जाऊन बसला.